पारव्याची गोळी

“ह्यानं माझ्या बायकोला डोळा मारला!”

नवऱ्या मुलाच्या आत्याचे यजमान भर मांडवात उठून उभे राहिले आणि त्यांचं बोट सरळ आमच्या पिराजी मास्तराकडं. गृहस्थ पलटणीतनं रिटायर झालेले. मिशा अशा की दोन्ही टोकांना एकेक लिंबू टोचून ठेवावं. अंतरपाट धरलेला, भटजी तोंड उघडं ठेवून थांबलेले, आणि मास्तर क्लॅरोनेट तोंडात धरून त्या फौजीसाहेबांकडं बघतोय. बघता बघता त्यानं त्यांनाही डोळा मारला.

“बघा, बघा! मलाबी मारला!”

मी मास्तराच्या शेजारीच होतो, पोटावर ढोल बांधून. करंजओढ्याच्या बँडात मी ढोल वाजवायचो आणि पिराजी आमचा मास्तर. माझ्याबद्दल लोक काय वाटेल ते सांगतात, मी थापाड्या आहे म्हणतात. माझ्या ढोलाच्या दणक्यानं एकदा कोरड्या विहिरीला पाणी लागलं होतं, ही गोष्ट काही जण अजून मानत नाहीत. त्यांचं सोडा. पण पिराजीबद्दल शत्रूसुद्धा वाकडं बोलणार नाही. स्वतःच्या लग्नात नवरीकडं बघू का म्हणून थोरल्या बहिणीला विचारणारा माणूस तो. तो कुणाला डोळा मारील?

साथीचं दुसरं वर्ष होतं. लग्नाला पन्नासच माणसांची परवानगी. बँडवाले माणसांत धरायचे का सामानात, यावरनं सकाळीच दोन्ही व्याह्यांचं वाजलं होतं आणि शेवटी आम्ही पाचही जण सामानात बसलो होतो. आता सामानानंच पाहुणीला डोळा मारला म्हटल्यावर मांडव पेटला.

“दारू पिऊन आलाय!” एक जण म्हणाला.

मास्तरानं क्लॅरोनेट बाजूला काढलं आणि काहीतरी सांगायला गेला. शब्दाच्या आधी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातनं वारा बाहेर पडला. फुस्स. मग तो घाबरून चहूकडं बघायला लागला आणि जिकडं बघंल तिकडं डोळा मारायला लागला. भटजींना मारला. आचाऱ्याला मारला. मांडवाच्या कडेला मुलीच्या घरची म्हैस बांधली होती, तिलाही मारला.

तेव्हा इतका वेळ पदराआड गप्प बसलेली आत्याबाई उठली. “मला मारला तर मारला,” ती नवऱ्याला म्हणाली, “पण म्हशीलाबी? म्हंजी मी आन् म्हैस एकच व्हय हो ह्याला?”

मी ढोल खाली ठेवला आणि मास्तराचा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडं वळवला. डावी बाजू मेणाची असावी तशी खाली ओघळलेली. डावा डोळा सताड उघडा, कडी नसलेल्या दारासारखा. माणूस डोळे मिचकावतो ते दोन्ही मिचकावतो. ह्याचा एकच मिटत होता, उजवा. डोळा मारत नव्हता बिचारा. नुसता जिवंत होता.

सकाळपासनं त्याच्या क्लॅरोनेटमधनं शेळी काटेरी जाळीत अडकल्यासारखा आवाज येत होता. मी म्हणत होतो, फुंकायची पत्ती चिरली असेल.

“आरं, ह्याला तर लकवा झालाय!” फौजीसाहेब म्हणाले आणि त्यांच्या मिशा खाली आल्या.

मग पन्नास माणसांनी साठ मतं दिली. मास्तराला दोन-तीन आठवड्यांपूर्वी तीच साथीची कणकण येऊन गेली होती, आणि मागल्या आठवड्यात शाळेत लस टोचून घेतली होती. मुलीकडचे म्हणाले लशीनं झालं, मुलाकडचे म्हणाले तापानं झालं. त्या वादात मुहूर्त टळायला आला, म्हणून नुसत्या माझ्या ढोलावर अक्षता पडल्या. क्लॅरोनेटविना लागलेलं आमच्या भागातलं ते एकच लग्न. संसार मात्र दणक्यात चाललाय दोघांचा.

मास्तराला घेऊन मी त्याच्या घरी आलो. दारात गोदाक्का उभी. पिराजीची थोरली बहीण, लवकर विधवा झालेली. आईबाप गेल्यावर तिनंच त्याला वाढवला. त्याचं पहिलं क्लॅरोनेट घ्यायला तिनं दुभती शेळी विकली होती. त्या घरात देवाच्या आधी गोदाक्काला विचारायची रीत.

तिनं भावाचं तोंड बघितलं. हनुवटी धरून इकडं वळवलं, तिकडं वळवलं, जसं भोपळा घेताना बघतात.

“रगात गोठलंय,” तिनं निकाल दिला. “सुई आत शिरली, रगात भ्यालं, आन् पळता पळता गालात अडाकलं. पारवा पायजे.”

आमच्याकडं लकव्यावर पारव्याचं रक्त चोळतात. तिचा हिशेब सरळ होता. उडणारं पाखरू, त्याचं रक्त ऊन आणि पातळ. ते गालाला चोळलं की आतलं घट्ट रक्त विरघळून वाटेला लागणार.

“आक्का,” मी म्हटलं, “पारवा ऱ्हाऊ दे. तालुक्याला डाक्टरकडं नेऊ. ह्या आजारात म्हणं नसा सुजत्यात.”

“कुठली नस?”

“गालाची आसंल.”

“आसंल म्हंजी? मग डाव्याच गालाची का? उजव्यानं काय पुण्य केलंय?”

“ते… ते न्हाय मला ठावं.”

“कशानं सुजली? तापानं का सुईनं?”

“कशानंबी आसंल.”

गोदाक्का माझ्याकडं बघत राहिली. “बाळकू,” ती म्हणाली, “आज तरी थापा मारू नगंस. सरकारी सुईनं वाकडं केलं, ते सरकारी गोळीनं सरळ व्हईल व्हय? जा, माळाच्या विहिरीतनं पारवा धरून आण. आन् ह्यालाबी संगं ने. रगात गार व्हायच्या आत लागाय पायजे.”

उभ्या आयुष्यात मी तिला एकदाच खरं सांगितलं होतं, आणि नेमकी तीच थाप ठरली.

फटफटीवर मास्तर माझ्यामागं बसला. उघड्या डोळ्यात वारा आणि चिलटं जायला लागली म्हणून त्या बाजूला मी पंचा बांधला. मांडीवर क्लॅरोनेटची पेटी धरून बसला होता. घरी ठेव म्हटलं तर ऐकंना.

माळाची विहीर आली. मी थांबलो नाही.

“फा… फारवा?” मागनं मास्तर म्हणाला. ओठ मिटत नव्हता, तर प कुठनं येणार?

“त्यो तालुक्याला गेलाय,” मी म्हटलं. “तिथंच गाठू.”

विहीर मागं पडली. मग पाठीमागनं आवाज आला, वारा गळत गळत: “आता… वाजवाय यायचं न्हाय काय रं?”

एरवी मी देवळातल्या पालीचासुद्धा वंश सांगतो. तिथं मी नुसता फटफटीचा कान पिळला आणि ती पळवली.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात हुक्केरी नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. वय एवढंसं, तोंडावर दोन दोन मास्क. त्यांनी मास्तराला कपाळाला आठ्या घालायला सांगितल्या. अर्ध्या कपाळाला आठ्या पडल्या, अर्धं कपाळ परीटघडी. दात दाखवा म्हणाल्या, तर दात उजवीकडंच निघाले. मग हात वर करा, पाय दाबा, चालून दाखवा, माझं बोट आवळा. हातापायांत जोर होता.

“रक्त गोठलंय का हो बाई?” मी विचारलं. “सगळं गाव म्हणतंय.”

“मेंदूत रक्ताची गाठ झाली असती तर बहुतेक वेळा सगळ्या कपाळाला आठ्या पडल्या असत्या, आणि हातपायही बहुधा लुळे पडले असते,” त्या म्हणाल्या. “लशीनंतर रक्ताच्या गाठी होतात ते खोटं नाही, पण लाखांत एखाद्याला. हे ते नव्हे. चेहऱ्याची नस सुजलीय.”

“तापानं का लशीनं?”

“आमच्याकडं ताप येऊन गेलेले असे जास्त येतात. लशीनंतरचेही आलेत, थोडे. ह्यांना कशानं झालं ते मला छातीठोक सांगता येणार नाही.”

मला हसूच आलं. एवढ्या शिकलेल्या बाई, आणि मघाशी मी गोदाक्काला जे बोललो तेच बोलत होत्या. खऱ्याचं हे असंच आहे बघा. त्याला नीट उभं राहता येत नाही.

“ह्येचा धंदा तोंडाचा हाय,” मी म्हटलं. “क्लॅरोनेट वाजवतो. व्हईल का सरळ?”

त्यांनी मास्तराच्या मांडीवरची पेटी बघितली. “बहुतेकांचं होतं. पण गोळ्या पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू व्हायला हव्यात. आणलंत ते फार बरं केलंत. चारपाच दिवस ते झाडपाला करत बसला असतात तर मी काही सांगू शकले नसते.”

मग साखर तपासली, गोळ्या दिल्या आणि मला समोर बसवून सगळं समजावलं. गोळी जेवल्याशिवाय घ्यायची नाही. आधी जास्त, मग हळूहळू कमी, मधेच एकदम बंद करायची नाही. डोळ्यात थेंब घालायचे, झोपताना पापणी मिटवून चिकटपट्टी लावायची. जमेल तेवढे गाल फुगवायचे, ओठांचा चंबू करायचा, रोज, आरशासमोर.

“घरी नीट सांगाल ना?”

“अक्षर न् अक्षर,” मी म्हणालो.

परतताना माझ्या अंगात वारं शिरल्यासारखं झालं होतं. फटफटी रस्त्याच्या वर चारपाच बोटं चालत होती, हे मास्तरालाही विचारा. फक्त एकच अडचण. गोदाक्का दारात बसून पारव्याची वाट बघत असणार, आणि सरकारी गोळी ती उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाही.

होतीच बसलेली. “पारवा कुठं हाय?”

“गोळीत,” मी म्हणालो.

“आं?”

“आक्का, माळाच्या विहिरीतलं पारवं समदं उठून गेल्यालं. साथीला भ्यालं आसत्याल. मग गेलो तालुक्याला. तिथं सरकारनं एक पारवा ठेवलाय. लकव्याचाच. त्येचं थेंबभर रगात काढायचं, मशिनीत वाळवायचं आन् गोळी वळायची. चोळायला नगं, प्याला नगं. गिळली की थेट गालात.”

मास्तर माझ्याकडं बघत होता. त्यानं डोळा मारला. ह्या वेळेला मुद्दाम मारला का काय, देव जाणे.

“कसला पारवा?” गोदाक्कानं विचारलं.

“पांढरा. डाव्या पायात लाल दोरा. मानेवर हिरवी झाक.”

“मारत्यात त्येला?”

“छ्या! सरकारी नोकरीत हाय तो. नखातनं थेंब काढत्यात आन् लगेच वाटीभर ज्वारी. आईतवारी सुट्टी.”

“रगात तांबडं आसतंय. ही गोळी पांढरी कशी?”

“पारवा पांढरा न्हाय का?” मी म्हणालो.

गोदाक्कानं त्यावर मान हलवली. गोळीचं पाकीट हातात घेऊन उलटंपालटं केलं. मग मला विचारलं, “पथ्य?”

आणि मी तिला डॉक्टरीणबाईंचं अक्षर न् अक्षर सांगितलं. पारव्याला आधी दाणा लागतो, म्हणून गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही. पारवा एकदम उडून गेला तर गाल पुन्हा पडतो, म्हणून त्याला हळूहळू खाली उतरवायचं, गोळ्या एकेक करून कमी. पाखरू दिवस बुडला की डोळा मिटतं. ह्याचा उघडा राहिला तर गोळीला रात्र झालेली कळत नाही, म्हणून पट्टी. आणि रोज सकाळी ओठाचा चंबू करून, गाल फुगवून, पारव्यासारखं घुमायचं.

“घुमायचं?”

“घुमायचं. आतल्या पारव्याला सोबत पायजे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर अंगणात भाऊ-बहीण आरशासमोर बसलेले. “घुटर्र घूं,” गोदाक्का करायची. “घुस्स्स हूं,” मास्तर करायचा. शेजारची पोरं कुंपणावर. आठवडाभरात त्या आळीतली निम्मी माणसं सकाळी घुमायला लागली, उद्या आपल्यालाही झालं तर म्हणून. खरे पारवे माळावरनं येऊन छपरावर बसले आणि खाली वाकून बघायला लागले, ह्यांना काय झालंय ते.

आधी बरेच दिवस काहीच झालं नाही. गोदाक्का रोज मला विचारायची नाही, नुसती बघायची, आणि मी पारव्याची नवी बातमी द्यायचो. आज त्याला सर्दी आहे. आज मोठ्या साहेबांनी येऊन त्याला बघितलं. एकदा बातमी संपली तर मी त्याचं लग्न लावलं. मास्तर क्लॅरोनेटची पेटी पुसून ठेवायचा, उघडायचा नाही.

मग एका सकाळी चहा पिताना मास्तराच्या सदऱ्यावर एक थेंबही सांडला नाही. त्याच्या ते लक्षातच आलं नाही. गोदाक्काच्या आलं. तिनं पदरानं तोंड झाकलं आणि आत निघून गेली.

डावा डोळा हळूहळू अर्धा मिटायला लागला. ओठ जुळला. एके दिवशी मला लांबनं सूर ऐकू आला. एकच, सरळ, काठीसारखा. मी धावत गेलो. मास्तर अंगणात उभा, क्लॅरोनेट तोंडात, गाल दोन्हीकडं सारखे फुगलेले. सूर संपेपर्यंत तो थांबला नाही, आणि संपल्यावर म्हणाला, “पपईपेरूपुरणपोळी.” सगळे प जागच्या जागी. ह्याच दिवसासाठी त्यानं ते राखून ठेवलं होतं.

त्यानंतर गावात पुन्हा लशीचा कॅम्प लागला. मास्तराचं तोंड बघून पळालेलं गाव अजून बिचकत होतं. शाळेच्या दारात नर्सबाई एकट्याच माश्या मारत बसलेल्या. मी पारावर बसून मनातल्या मनात तयारी करत होतो; गोदाक्का विचारणार, ह्या सुईत कुठलं पाखरू हाय? चांगलं जोखलेलं पाखरू तयार ठेवलं होतं.

ती आली. माझ्याकडं न बघता पुढं गेली, दंड उघडा केला, सुई घेतली, पदर नीट केला आणि निघाली. काही विचारलं नाही. तिच्यामागं आळीतल्या बायका, बायकांमागं त्यांचे नवरे. माझं पाखरू तसंच राहिलं.

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात गोदाक्काकडं गेलो होतो. फार थकलीय. बाजेवर पडून असते. आत मास्तर कुणाच्या तरी पोराला क्लॅरोनेट शिकवत होता आणि पोरगं शेळीसारखं वाजवत होतं.

“आक्का,” मी म्हटलं, “आता सांगून टाकतो. त्या गोळीत पारवा-बिरवा काय न्हवतं.”

“पाकिटावर पाखराचं चितार न्हवतं,” ती म्हणाली. “मला वाचाय येत न्हाय. दिसतंय तर.”

“म्हंजी तुला ठावं व्हतं?”

“लाल दोऱ्याचा पारवा नोकरीला! येडी हाय का मी?”

“मग दिलीस कशी सरकारी गोळी?”

ती कोपरावर जरा उठली.

“त्या दुपारी तू खरं बोललास,” ती म्हणाली. “त्वांड पांढरं फटक पडल्यालं तुझं. आसंल म्हणालास, ठावं न्हाय म्हणालास. मी म्हटलं, बाळकूला थाप सुचंना. म्हंजी माझा पिराजी आता हातचा जातोय. पारवा आण म्हटलं, दुसरं काय करणार? आन् सांजच्याला आलास, तर पारव्याच्या पायात दोरा बांधूनच आलास. आईतवारची सुट्टीबी दिलीस त्येला.” तिच्या बोळक्या तोंडावर हसू आलं. “तवा माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, त्या डाक्टरनं ह्येला काय तरी बरं सांगितलंय.”

“मग एवढं दिवस घुमत बसलीस ती?”

“त्याला एकट्याला लाज वाटायची.”

आत पोराचा सूर एकदाचा लागला. मास्तर ‘वाऽ’ म्हणाला. मी नाक पुसलं. उन्हाळ्यात धूळ फार असते.

“बाळकू,” गोदाक्का म्हणाली.

“काय आक्का?”

“त्या सुईत कुठलं पाखरू घालून ठेवलं व्हतंस? तयार आसंलच तुझं.”

“टिटवी,” मी म्हणालो.

“वाटलंच मला,” ती म्हणाली आणि कुशीवर वळली. “तवापासनं रातची झोप न्हाय.”